सिग्नलला गाडी का थरथरते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माझी पेट्रोल गाडी 2014 ची आहे, 82,000 किलोमीटर झालेत. हायवेला एकदम छान पळते. सिग्नलला थांबलं, त्यातून एसी चालू असला, की स्टिअरिंग थरथरतं, कधीकधी बंदही पडते. गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर बदलायला सांगितलेत. बदलू का? (सातारा)

आत्ता नको. पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर एकदम जाणं फार विरळा. तुमच्या प्रश्नातच खूण आहे: हायवेला छान, उभी असताना त्रास. अशा गाडीत मी सगळ्यात आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, उघडतो.

आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन तेवढ्या केसभर फटीतून श्वास घेतं. इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीने तिथेच येते आणि झडपेच्या कडेला काळा, चिकट कार्बन धरतो. कागदाइतका थर जमला तरी त्या फटीच्या मानाने तो खूप झाला. हायवेला झडप उघडी असते, म्हणून तिथे काही कळत नाही. एसी लावला की कॉम्प्रेसरचा बोजा पडतो, जास्त हवा लागते, आणि ती वेळेवर मिळत नाही.

किल्ली काढून एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप सोडा आणि टॉर्च मारून बघा. कडेला काळं कडं दिसलं तर थ्रॉटल क्लीनर मऊ फडक्यावर घेऊन पुसा. झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटाने ढकलू नका, आतले दाते तुटतात. जुन्या, केबलवाल्या गाडीत बाजूची आयडलची मोटरही साफ करावी लागते.

साफ केल्यावर रेस चढलेली राहिली तर घाबरू नका. कार्बन जमत गेला तशी ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) झडप थोडी जास्त उघडायची सवय लागलेली असते. काही गाड्यांत ती आपोआप जाते, काहींत स्कॅनर लावून आयडल पुन्हा शिकवावं लागतं. गरम इंजिन, एसी बंद असताना आरपीएमचा काटा साधारण 700 ते 850 वर स्थिर बसला पाहिजे. एवढं करूनही थरथर राहिली तर प्लग, मग प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल, आणि इंजेक्टर त्यानंतर.

एअर फिल्टर बदलल्यापासून उभ्या गाडीची रेस आपोआप वर-खाली होते. बॉनेट उघडलं की बारीक "स्स्स" आवाज येतो. (नाशिक)

गाडी कुठून तरी हवा खेचते आहे. फिल्टर बदलताना एखादा पाइप निसटला असेल किंवा नीट बसला नसेल. झडपेला वळसा घालून हवा आत आली की रेस चढते. पाय तर पेडलवर नाही, म्हणून ईसीयू पेट्रोल तोडतं. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, परत चढते. काट्याचा झोका त्यातून येतो.

ब्रीदरचा पाइप, ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आणि इनटेकचे सगळे क्लॅम्प हाताने चाचपा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत पाइप वरून नव्यासारखा होता. चीर होती खालच्या बाजूला, क्लॅम्पला लागून, नखाएवढी. बोट दाबलं आणि रेस जागेवर बसली. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधणारे बघितलेत मी. कृपा करून ते करू नका, आग लागते.

तीन सिलिंडरची नवी गाडी सीटमध्ये थरथर जाणवते. दोष आहे का? (ठाणे)

काटा स्थिर असेल तर बहुधा नाही, तीन सिलिंडरला थोडी थरथर असतेच. पण पूर्वीपेक्षा वाढली असेल, किंवा गिअर टाकताना "धप्" होत असेल, तर इंजिन माउंटिंगचं रबर तपासून घ्या.

पावसात गाडी मिसिंग मारायला लागली आणि इंजिनची चेक लाइट लुकलुकते. आठवडाभर अशीच चालवली तर चालेल? (पुणे)

अजिबात नको. लाइट नुसती लागलेली असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकते म्हणजे एका सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे चाललंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मग हजारभराच्या कामाचा मोठा खर्च होऊन बसतो.

स्कॅनरवर पी0302 हा कोड आला तर दुसरा सिलिंडर, पी0303 आला तर तिसरा. समजा दुसरा आहे. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसा आणि गाडी चालू करा. आता पी0303 आला तर कॉइल गेली. पी0302 च राहिला तर प्लग तसाच अदलाबदल करून बघा. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा तेल आहे का, तेही बघा. पाणी असेल तर प्लग काढायच्या आधी हवा मारून खड्डा कोरडा करा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल.

पेट्रोलवर नीट चालते, सीएनजीवर टाकली की आयडलला आचके देते. किटवाला ट्यूनिंग करून थकला. (कोल्हापूर)

ट्यूनिंग थांबवा आणि प्लग काढून बघा. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. झिजलेला प्लग, दमलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. प्लगच्या टोकांमधला गॅप गाडीच्या पुस्तकात बघून फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) मोजा. नवा प्लगही मोजूनच लावा. तेवढ्याने भागलं नाही तर गॅसचा फिल्टर बदला, मग गॅस इंजेक्टरची रेल तपासा.

पुढे कधी गरम झाल्यावर दोन्ही इंधनांवर थरथरायला लागली, तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली बारीक फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. सीएनजीवर बरीच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजते, क्लिअरन्स संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. ते वेळेत धरलं तर बऱ्याच गाड्यांत टॅपेट सेटिंगवर निभावतं. व्हॉल्व्ह जळाला की हेड उतरवावं लागतं.