१६४४ सालचा लंडनचा बॅप्टिस्ट विश्वासांगीकार का लिहिला गेला, त्यात काय आहे? आणि १६८९चा तोच का?

तोच नाही. १६८९चं शेवटी सांगतो. आधी १६४४चा, कारण मला तोच जास्त रंगतदार वाटतो. विश्वासांगीकार म्हणजे आपण काय मानतो ते कलमवार मांडणारं जाहीर निवेदन.

इंग्लंडमध्ये तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांची यादवी पेटली होती. बिशपांचा वचक सुटला, तशा लंडनमध्ये सरकारी चर्चबाहेरच्या मंडळ्या (एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती गट) उघडपणे जमू लागल्या. त्यांतल्या सात मंडळ्यांना तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा मान्य नव्हता. लोकांनी त्यांना सरळ 'अ‍ॅनाबॅप्टिस्ट' (म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे) ठरवलं, आणि ही तेव्हा शिवीच होती. १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात या पंथातल्या जहालांनी सत्ता बळकावून बहुपत्नीत्व आणि रक्तपात माजवला होता. शंभर वर्षं उलटली तरी तो डाग पुसला नव्हता. म्हणून विल्यम किफिन, जॉन स्पिल्सबरी वगैरे १५ जणांनी सह्या करून ५३ कलमं छापली. आम्हाला हे नाव खोटंच चिकटवलंय, हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकलं.

मजकूर बराचसा उसना आहे, अ‍ॅमस्टरडॅममधल्या इंग्रज परागंदा मंडळीच्या १५९६च्या अंगीकारातून घेतलेला. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), मूळ पाप (आदामापासून सगळ्यांकडे आलेलं), आणि ख्रिस्ताच्या मरणाने तारण फक्त देवाने निवडलेल्यांना (म्हणून हे 'पर्टिक्युलर', म्हणजे ठरावीक लोकांपुरतं तारण मानणारे, बॅप्टिस्ट) हे सगळं धर्मसुधारक कॅल्विनच्या वळणाचं. प्युरिटनांना (इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्यांना) त्यात परकं काही वाटू नये, हाच तर डाव होता.

त्यांचं स्वतःचं दिसतं ते पुढे. बाप्तिस्मा फक्त विश्वास कबूल करणाऱ्याला, आणि तोही सबंध अंग पाण्यात बुडवून. ख्रिस्ताचं मरण, पुरलं जाणं आणि पुनरुत्थान यांची ती खूण. शिवाय एक टीप: देणारा-घेणारा दोघांच्याही अंगावर नीट कपडे असावेत. अशी टीप छापावी लागली, यावरून गावगप्पा काय चालल्या असतील ते ओळखा! पाळकाचा खर्च मंडळीने राजीखुशीने उचलावा, कायद्याच्या सक्तीने नव्हे, हेही त्यात आहे. सत्तेला मान द्यायचा, पण तिने छळ मांडला तरी आपली उपासना थांबवायची नाही, मग घरदार जावो की जीव. आणि शेवटी कबुली, की आम्हाला अंशतःच कळतं. शास्त्रातून चूक दाखवाल तर आभारच मानू.

विरोधक डॅनियल फीटली, सरकारी चर्चचा धर्मपंडित, मात्र बधला नाही. भरपूर साखरेत थोडं उंदराचं विष, असं त्याचं मत. १६४६ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली.

१६८९चा अंगीकार मुळात १६७७चा, वेस्टमिन्स्टर अंगीकारावर (प्युरिटन वळणाच्या धर्मपंडितांच्या सभेने लिहिलेल्या) बेतलेला, ३२ प्रकरणांचा, बराच मोठा. १६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा (सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारा) झाल्यावर मंडळ्यांनी त्याला उघड मान्यता दिली. याच पर्टिक्युलर बॅप्टिस्टांनी १७९२ मध्ये केटरिंगला मिशनरी संस्था काढली, आणि १८०५ मध्ये श्रीरामपूरहून (बंगालमधल्या) मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी तिचाच.