मॅश तुंबतो, वॉर्ट उतरत नाही

प्रश्न: आमच्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत नवी बिअर आधी २० लिटरची करून पाहतो. ३ किलो जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि २ किलो गव्हाचे. क्रशर बंद होता म्हणून माल्ट पिठाच्या गिरणीतून भरडून आणले. भरड गरम पाण्यात कालवून केलेला मॅश ६६ अंशांवर तासभर ठेवून भांड्याचा नळ पूर्ण उघडला. चार लिटर वॉर्ट (मॅशमधून गाळून येणारा गोड रस) आला आणि धार तुटली. चूक गव्हाची की गिरणीची?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर: गिरणीची जास्त. वॉर्ट गाळण्याचे खरे काम जवाची टरफले करतात. भांड्याच्या तळाची जाळी त्यांना नुसती पेलून धरते. गिरणीचे दगड टरफलासकट दाणा रगडतात आणि भांड्यात खळ तयार होते. क्रशरच्या रुळांमधली फट १.२ मिमी ठेवा. भरड तळहातावर घेऊन पाहा: टरफल अख्खे पण पोकळ, गाभा तीन-चार तुकड्यांत फुटलेला हवा. हात पिठाने माखला तर भरड बारीक झाली. भरडण्याआधी ५ किलो माल्टवर १०० मिली पाणी फवारून वरखाली करा आणि दहा मिनिटे थांबा. टरफल चिवट होते. (हा ओलसर माल्ट दगडी गिरणीत नेलात तर गिरणीवाला पुन्हा दारात उभे करणार नाही.)

गव्हाचे टरफल मळणीतच निघून जाते. म्हणून २५० ग्रॅम भाताचे तूस मिसळा. घोटी-इगतपुरीकडच्या भातगिरण्यांत मिळते, पण मागताना ‘तूस’च म्हणा. कोंडा हाती आला तर त्यातले तेल आणि भुकटी काम आणखी बिघडवतील. तूस निवळ पाणी येईपर्यंत धुवा आणि भिजवूनच घाला, कोरडे तूस मॅशमधले पाणी पिते.

पाणी १५ लिटर घ्या. माल्ट टाकण्याआधी जाळी गरम पाण्यात बुडालेली हवी. आधी ४५ अंशांवर २० मिनिटे ठेवा, म्हणजे चिकटपणा आणणारे बीटा-ग्लुकन तुटतात. मग ६६ अंश, शेवटी ७६. तापवलेली काकवी जशी सैल होते तसा वॉर्ट पातळ होतो. नाशिकच्या थंडीत भांड्याला गोधडी गुंडाळाच.

आता नळ. तो पूर्ण उघडलात तिथेच थर जाळीवर दाबला गेला. पाव उघडा, मिनिटाला अर्धा लिटर पुरे. पहिले तीन-चार लिटर गढूळ येतात, ते निवळेपर्यंत अलगद वरून परत सोडा. थरावर दोन बोटे पाणी कायम असू द्या.

तरीही तुंबला तर नळ बंद करा. नळाला नळी जोडून ७६ अंशांचे २-३ लिटर पाणी खालून चढवा. थर उचलला गेला की ढवळा, दहा मिनिटे बसू द्या आणि गढूळ वॉर्ट पुन्हा फिरवा. पाणी ७८ अंशांपुढे नको, टरफलांचा तुरटपणा उतरतो.

परवान्याचे लिहिलेत ते बरे केलेत. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार विनापरवाना बिअर करणे गुन्हा आहे, मग ती घरच्या घरी २० लिटर का असेना.

प्रश्न: गव्हाऐवजी नागली चालेल का?
– तेच वाचक

उत्तर: चालेल, पण १ किलोपर्यंतच. तिचा दाणा बारीक आणि स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलणारा. भरड वेगळी शिजवून, ७० अंशांपर्यंत निववून मॅशमध्ये घाला आणि तूस ५०० ग्रॅम करा.