बाबा १९७१ च्या लढाईत तोफखान्यात होते. आता ऐकू येत नाही, चिडतात, फटाक्यांनी दचकतात. हे वयामुळे की युद्धामुळे?

दोन्हींमुळे. पण घरात सगळं वयाच्या नावावर खपवलं जातं आणि उपचार राहून जातात. मी म्हापशाला कान तपासायचं काम करते. पेडणे, सत्तरी, सावंतवाडीकडचे माजी सैनिक माझ्याकडे बरेच येतात.

तोफेच्या दणक्याने आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला मार बसतो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांना. तरुणपणी तपासलं तर आलेखात तिथे खड्डा दिसतो. पुढे म्हातारपणाचा बहिरेपणा त्यात मिसळला की खड्डा ओळखू येत नाही. म्हणून ते तोफेवर किती वर्षं होते, कानात काही घालत का, हे तपासणीआधी आवर्जून सांगा. (रायफलवाल्यांचा बहुधा डावा कान जास्त गेलेला असतो. दस्ता उजव्या खांद्याला टेकला की नळीचं तोंड डाव्या कानाला जवळ पडतं.)

अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. स, श, फ गळतात. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. मग घरचे ओरडून बोलतात आणि ते भडकतात. कानाचं मशीन नीट बसवलं की यातला बराच राग उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दचकणं मात्र वेगळं. नोकरी-संसाराच्या धबडग्यात दबलेला लढाईचा धसका निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर वर येतो, पन्नास वर्षांनीसुद्धा. झोप मोडते का, लढाईचा विषय टाळतात का, ते बघा. चवथीला, दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री फटाके वाजतात तेव्हा त्यांना एकटं ठेवू नका. बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेताना लाजू नका, तिथे यावर उपचार होतात. विसराळूपणा असेल तर तोही सांगा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांच्या अभ्यासात, युद्धाच्या मानसिक आघाताने आजारी असलेल्यांपैकी १०.६ टक्क्यांना सात वर्षांत स्मृतिभ्रंश झाला, इतरांत ६.६ टक्क्यांना. आघातामुळेच झाला असं यातून सिद्ध होत नाही, पण लक्ष ठेवायला हे पुरेसं आहे.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर मशीनसाठी आधी तिथल्या डॉक्टरांना भेटा. निवृत्तीच्या वेळचे वैद्यकीय कागदही शोधून ठेवा. भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं सर्वसाधारणपणे धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. अपंगत्व पेन्शनच्या अर्जात ते उपयोगी पडतं.