केळीच्या बुडाशी गर्दी

प्रश्न : मुलुंडला आमचं घर तळमजल्यावर आहे. मागच्या मोकळ्या जागेत मी वेलची केळ लावली. आता केळफूल आलंय, पण बुडाशी चार-पाच पिल्लंही फुटलीत. ठेवू की काढू? शिवाय सोसायटीतले लोक पूजेसाठी पानं मागतात. – एक वाचक

उत्तर : ताई, एकच मुनवा (म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू) ठेवा. बुडाशी जाड आणि तलवारीसारख्या अरुंद पानांचा निवडा. लहानपणीच रुंद पानं पसरणारा दिसतो गोंडस, पण असतो कमजोर. बाकीचे जमिनीलगत कापून मधला कोंब कोरून टाका, नाहीतर पुन्हा डोकं वर काढतील. खोल खणू मात्र नका, केळीची मुळं वरच्या थरातच पसरतात.

पानांना सरळ नाही म्हणा! फूल बाहेर पडल्यावर केळीला नवं पान येत नाही. आहेत तेवढ्यांवरच घड पोसायचा असतो. वाळलेली तेवढी कापा. पूजावाल्यांना दादरच्या फुलबाजारात पाठवा.

फण्या सुटायच्या थांबल्या की केळफूल कापून भाजी करा (हाताला आधी तेल चोळा, चीक फार चिवट). बांबूचा टेकू आत्ताच द्या. केळीचा बुंधा म्हणजे पानांच्या देठांच्या गुंडाळ्या, त्यात लाकूड नसतं. घडाच्या वजनाने आणि पावसाळी वाऱ्याने आडवा होतो.

फुलापासून साधारण तीन-चार महिन्यांनी केळ्यांच्या धारा बोथट होऊ लागतात. तेव्हा घड उतरवून घरात पिकवा. झाडावर पिकायची वाट पाहिलीत तर वटवाघळं आधी जेवतील. तो बुंधा पुन्हा फळत नाही, तुकडे करून आळ्यातच टाका.