ब्रेक दाबला की चिरकतो : पॅड बदलायचे की साफ करून भागेल?

तुमचा प्रश्न असा : वॅगनआर, 50,000 किमीच्या आसपास चाललेली, पुढचा ब्रेक हळू दाबला की चिरकतो. परभणीतला मेकॅनिक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी) आणि पॅड (ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे ठोकळे) दोन्ही बदला म्हणतो, आणि दुकानात तीन वेगवेगळ्या किमतींचे पॅड दाखवलेत. माझं जालन्यात गॅरेज आहे, हे काम रोजचं आहे. माझं म्हणणं एवढंच की चाक खोलून पॅड डोळ्यांनी बघितल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

आधी आवाज ओळखा. पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला आवाज येऊन थांबत असेल तर सोडून द्या. डिस्क बिडाची असते, तिच्यावर रात्रीतून गंज चढतो आणि पॅडने घासून निघतो. ब्रेक न दाबताच खर्रर्र वाजत असेल तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असतो. मुरमाच्या रस्त्यांवर हे नेहमीचं आहे. चालताना सतत बारीक शिट्टी येते आणि ब्रेक दाबल्यावर ती बदलते, तर पॅडवरची इंडिकेटर पत्ती डिस्कला लागतेय, म्हणजे पॅड संपत आलेत. आणि लोखंडाला लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर गाडी पुढे चालवूच नका.

तुमचं वर्णन या चारहीत नाही, पाचव्या प्रकारात बसतं : हळू ब्रेकला चिरकणं. यात बहुतेक वेळा पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, किंवा धूळ साचलेली असते, किंवा कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांच्यावर सरकतो त्या पिना सुकलेल्या असतात. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आणि उसाच्या हंगामात रस्त्यावर पडणारा चिखल पिनांच्या रबरात शिरतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड झिजून त्याच्या पाठीच्या लोखंडी पत्र्यावर येतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक राहतो. म्हणून मेकॅनिकला आतला पॅड आवर्जून दाखवायला सांगा. बाहेरचा जाड दिसला म्हणून ब्रेक चांगला आहे असं होत नाही.

नवीन पॅडवरचं मटेरियल साधारण 10 मिमी असतं. 3 मिमी राहिलं की बदला. 5-6 मिमी असेल तर पॉलिश पेपरने चकाकी घासून काढा, ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा, पिना काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. एक गोष्ट कळकळीने सांगतो : आवाज बंद व्हावा म्हणून पॅडवर किंवा डिस्कवर तेल मारू देऊ नका. आवाज जातो, आणि त्याबरोबर ब्रेकही जातो. तेल पिलेला पॅड फेकूनच द्यावा लागतो.

डिस्क बदलायला सांगितली तर जाडी मोजायला लावा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. तिच्यापेक्षा जास्त असेल आणि खोल चऱ्या नसतील तर तीच डिस्क ठेवा.

आता पॅड. ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज कमी, पण लवकर झिजतात आणि खूप तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतात, पण थोडे वाजतात आणि डिस्क जास्त खातात. सिरॅमिक शांत असतात, धूळ कमी करतात, महाग पडतात. परभणी-नांदेड असा सपाट रस्ता आणि घरची चार माणसं, एवढ्यासाठी कंपनीचे ओरिजिनल पॅड किंवा बॉश, टीव्हीएस गर्लिंगसारख्या नावाजलेल्या मेकचे पॅड पुरतात. गाडी टॅक्सीला असेल, भरून कन्नडचा घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट वारंवार उतरत असाल, तर सेमी-मेटॅलिक बघा; थोडा आवाज चालवून घ्या. आणि घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर उतरवा, पॅड कोणतेही असोत. विनानावाचा सगळ्यात स्वस्त सेट मी कोणाच्याही गाडीला लावत नाही. घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष सांगा, पक्कं बिल घ्या. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

नवीन पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष द्या. मधे कोणी वरून ऑइल भरलं असेल तर ते सांडतं आणि गाडीचा रंग खातं. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत हळूहळू, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारा आणि मधे डिस्क थंड होऊ द्या. पहिले 200-300 किमी कचकन ब्रेक टाळा. त्यानंतरही चिरकत असेल तर पॅडला दोष देण्याआधी पॅडच्या पाठीमागच्या शिम पत्त्या (आवाज दाबणाऱ्या पातळ पट्ट्या) बसवल्यात का ते बघा. नवीन सेट लावताना त्या जुन्या पॅडबरोबर भंगारात गेलेल्या मी पुष्कळदा बघितल्यात.