वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यातच का मोडते?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तासातासाचे वेळापत्रक तयार करून मी ते भिंतीवर लावते आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते निकामी झालेले असते. आमचा सहा जणींचा गट आहे. शेवटचे व्याख्यान संपले की आम्ही कँटीनमध्ये बसतो आणि तिथून केव्हा उठू, हे कुणालाच सांगता येत नाही. गेले तर अभ्यास राहतो. न जावे तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कशावर हसत आहेत, तेच मला कळत नाही. मागच्या सत्रात शेवटचे चार आठवडे मी सगळ्यांशी बोलणेच बंद केले होते. गुण बरे मिळाले, पण दोघींशी संबंध पूर्वीसारखे राहिले नाहीत. या सत्रात पाच विषय, एक प्रकल्प आणि दोन अंतर्गत परीक्षा आहेत. आत्तापासूनच गटापासून थोडे दूर राहावे का?

उत्तर : दूर राहू नका. तुमच्याच पत्रातला एक तपशील पुन्हा वाचून पाहा. वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात मोडते, मैत्रिणी मात्र पहिल्या दिवसापासून सोबत असतात. दोष त्यांचा असता, तर ते पहिल्याच आठवड्यात मोडले असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या असाइनमेंट हाती पडतात, पहिले जर्नल तपासायला द्यायचे असते आणि सत्र सुरू होताना ज्यांचा पत्ताही नव्हता अशी कामे तुमच्या नीटनेटक्या चौकटींमध्ये घुसू लागतात.

कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची ही सवय केवळ तुमची नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तिच्याकडे लक्ष वेधले होते. पुढे रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहीत असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना, तो पूर्ण व्हायला किती दिवस लागतील, असे विचारले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि सगळेच बिनसले तर सुमारे ४९ दिवस लागतील, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. वाईटात वाईट धरून केलेला हिशेबही अपुरा पडला, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

हे दिवस जातात कुठे, ते एखादी साधी असाइनमेंट घेऊन पाहा. दोन हजार शब्दांच्या निबंधासमोर आपण ‘शनिवार’ असे लिहितो आणि मनात फक्त लिहिण्याचा वेळ धरलेला असतो. ग्रंथालयात हवे ते पुस्तक आधीच कुणीतरी नेलेले असते. ते मिळेपर्यंत दुसऱ्या एका लेखावर काम भागवावे लागते आणि त्यामुळे मांडणी बदलते. निबंध संपल्यावर संदर्भांची यादी सांगितलेल्या पद्धतीने लावण्यात एक संध्याकाळ जाते, कारण टिपणे काढताना पृष्ठक्रमांक लिहून ठेवलेले नसतात. यांपैकी एकही गोष्ट आकस्मिक नाही. मागच्या सत्रातही ती अशीच घडली होती. म्हणून नव्या सत्राचा अंदाज उत्साहावरून बांधू नका, मागच्या सत्रावरून बांधा. त्या वेळच्या असाइनमेंट हाती केव्हा आल्या आणि जमा केव्हा झाल्या, त्या तारखा शोधून काढा व तितकेच दिवस या वेळीही धरा.

आता एकूण वेळेचा हिशेब करू. युरोपातील श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकामागे व्याख्याने, वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारी मिळून २५ ते ३० तासांचे काम धरले जाते आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याचे सत्र ३० श्रेयांकांचे असते. म्हणजे एका सत्राला ७५० ते ९०० तास लागतात. परीक्षेसह सत्र वीस आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला ३८ ते ४५ तास होतात. प्रत्येक विद्यापीठाचे गणित थोडे वेगळे असेल, पण अंदाज घ्यायला हे प्रमाण पुरेसे आहे. आठवड्यात १६८ तास असतात. रोज आठ तास झोप आणि अभ्यासाचे ४५ तास वजा केले, तरी ६७ उरतात. त्यांतून जेवणखाण, प्रवास आणि घरकाम काढून टाका. तरीही मैत्रिणींसाठी जागा राहतेच. तेव्हा एकूण तास कमी पडतात म्हणून तुमचे गाडे अडलेले नाही. काही आठवड्यांवर कामे एकदम कोसळतात आणि बाकीचे आठवडे तुलनेने रिकामे जातात, म्हणून ते अडते.

यासाठी तासातासाचे वेळापत्रक भिंतीवरून काढावे आणि त्या जागी संपूर्ण सत्राचा, आठवड्यांचा तक्ता लावावा, असे मी सुचवेन. त्यावर प्रकल्पाचे टप्पे, दोन्ही अंतर्गत परीक्षा आणि प्रत्येक सबमिशनची तारीख आधी लिहा. मग तारखेपासून उलटे मोजत, काम कोणत्या आठवड्यात सुरू झालेच पाहिजे, याची खूण करा. कोणत्या आठवड्यात तीन-चार गोष्टी एकमेकींवर आदळणार आहेत, ते तेव्हाच दिसेल. आठवड्यातला एक अर्धा दिवस मात्र कोरा ठेवा. तो लांबलेल्या कामासाठी आहे. काहीच लांबले नाही तर तो तुमचा.

कँटीनचा प्रश्नही याच तक्त्यावर सुटू शकेल. तुमच्या गटात वेळ गप्पांमध्ये जातो त्यापेक्षा जास्त वेळ ‘निघू या’ म्हणून न निघण्यात जात असावा, अशी मला शंका आहे. बसतानाच ‘मी सहाला उठणार आहे’ असे सांगा आणि सहाला खरोखर उठा. सुरुवातीला थट्टा होईल. दोन-तीन आठवड्यांनी तुमच्याबरोबर आणखी एखादी उठू लागेल. कामाच्या गर्दीचे आठवडे मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा. काही न सांगता चार आठवडे गप्प झालेल्या मैत्रिणीबद्दल माणसे तर्क करू लागतात आणि ते तर्क बहुधा वाईटच असतात. परीक्षेचा ताण तुम्हाला ठाऊक होता, त्या दोघींना केवळ तुमचा अबोला दिसला. त्यांच्याशी आता एकदा स्पष्ट बोलून घ्या. जाहीर गटात नव्हे, प्रत्येकीशी स्वतंत्रपणे.

सगळ्या जणी मिळून अभ्यास करण्याचा विचार तुमच्या मनात आला असेलच. एकमेकींशेजारी पुस्तके उघडून बसण्याला मी अभ्यास म्हणणार नाही. त्यापेक्षा पुस्तक मिटून एकमेकींना प्रश्न विचारणे फार उपयोगी ठरते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होते. पुन्हा वाचल्याने ‘सगळे येते’ असे वाटते, हाच त्यातला धोका आहे. शेजारच्या मैत्रिणीने अचानक ‘बरं, मग दुसरे कारण कोणते?’ असे विचारले की काय येते आणि काय नाही, ते तिथल्या तिथे उघडे पडते.

प्रश्न : चौघांच्या प्रकल्पात माझा जवळचा मित्र काहीच करत नाही. सबमिशनला पाच आठवडे आहेत. प्राध्यापकांना सांगितले तर मैत्री तुटेल आणि न सांगितले तर त्याचे काम मलाच करावे लागेल.

उत्तर : आधी कामाची विभागणी कशी झाली आहे, ते पाहा. ‘आपण सगळे मिळून करू’ एवढेच ठरलेले असेल, तर मित्राला आळशी ठरवण्याची घाई करू नका. बिब लातॅने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लोकांना एकेकटे आणि गटात ओरडायला व टाळ्या वाजवायला लावले, तेव्हा गटात प्रत्येकाचा जोर कमी झालेला आढळला. पुढच्या प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातो आहे, हे कळल्यावर ही ढिलाई जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा प्रकल्पाचे चार स्पष्ट भाग करा, प्रत्येकासमोर नाव आणि तारीख लिहा आणि अहवालात कोणी काय केले याचे अर्धे पान जोडायचे, हे चौघांनी मिळून ठरवा. हा नियम सगळ्यांना लागू असल्यामुळे तो मित्राविरुद्धचा आरोप ठरत नाही.

त्यापूर्वी त्याला एकट्याला गाठून, अडचण काय आहे, ते विचारा. पुष्कळदा विषय समजलेला नसतो आणि तसे कबूल करण्याची लाज वाटत असते. पहिली तारीख त्याने चुकवली, तर प्राध्यापकांकडे जा, पण त्याला सांगून जा. पाच आठवडे हातात असताना ती मदतीची विनंती असते; शेवटच्या दिवशी मात्र तिची तक्रार होते. त्याचा भाग गुपचूप स्वतः पूर्ण करू नका, कारण मनात धरून ठेवलेला तो राग पुढे मैत्रीलाच पुरून उरतो.

प्रश्न : प्रथम वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले. सगळ्यांचे गट झाले आहेत, माझा कुठेच नाही. उशीर झाला का?

उत्तर : नाही. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि घनिष्ठ मैत्रीला २०० तासांहून अधिक. त्यांच्या मते वर्गात किंवा कामात एकत्र घालवलेल्या वेळाचा त्यात फारसा उपयोग होत नाही. दोन महिन्यांत इतका मोकळा वेळ कोणी कोणाला दिला असेल? जे गट तुम्हाला पक्के वाटतात, त्यांतले बरेच अजून कच्चेच असतील.

सहवास कसा घडतो, हे लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांच्या १९५० च्या पुस्तकात दिसते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत, अगदी शेजारच्या दारामागे राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये जवळीक आढळली, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये ती केवळ १० टक्के होती. मनमिळाऊ स्वभाव नसला तरी, रोज त्याच जागी दिसण्याने बरेच काम होते. ग्रंथालयात रोज त्याच वेळी, त्याच टेबलाशी बसा. प्रॅक्टिकलच्या जोडीदाराला, तास संपल्यावर त्याच रस्त्याने जात असेल तर, सोबत चालण्याविषयी विचारा. एखाद्या मंडळात नाव घाला, पण ज्याची बैठक दर आठवड्याला होते असेच मंडळ निवडा. वार्षिक महोत्सवापुरते काम असलेल्या समितीत ओळखी पुष्कळ होतात आणि महोत्सव संपला की विरतात.

एवढे करूनही मन लागत नसेल आणि त्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा वर्गात जाण्याची इच्छा कमी झाली असेल, तर मित्र मिळण्याची वाट न पाहता विद्यापीठाच्या समुपदेशकांची वेळ घ्या. पहिल्या सत्रात अशी वेळ घेणारे तुम्ही एकटे नसाल.