क्वार्क कधीच सुटा दिसला नाही, मग तो खरा कशावरून?

क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण. शंका रास्त आहे, आणि ती क्वार्कची कल्पना मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ खुद्द मरे गेल-मान यांनाही होती. 1964 च्या त्यांच्या दोन पानी लेखाच्या शेवटी मजेशीर वाक्य आहे: सुटे क्वार्क शोधून पाहा, म्हणजे ते नाहीत याची खात्री पटेल! त्यांच्यासाठी क्वार्क ही मुख्यतः गणिताची सोय होती. त्याच वर्षी सर्न या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेत जॉर्ज झ्वाइग स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला. त्याने कणांना ‘एस’, म्हणजे पत्त्यांतला एक्का, म्हटलं आणि ते खरे मानले. त्याला फारसं कुणी विचारलं नाही.

चित्र पालटलं ते 1968 च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेत. तीन किलोमीटर लांब यंत्रातून आलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळून अपेक्षेपेक्षा जास्त वेळा मोठ्या कोनात वळत होते. भाताच्या मुदीत खडा लागावा तसं: प्रोटॉनच्या आत काहीतरी टणक, बिंदूसारखं होतं. मग क्वार्क सुटा का दिसत नाही, याचं कारण 1973 मध्ये उमगलं: जवळ असताना क्वार्क जवळजवळ मोकळे असतात, पण ओढून लांब न्यावं तशी लागणारी ऊर्जा वाढत जाते आणि तिच्यातून क्वार्क-प्रतिक्वार्कची नवीच जोडी जन्मते. सुटा क्वार्क हाती येतच नाही.

‘दिसतं तेच खरं’ ही कसोटी इथे तोकडी पडते, असं माझं मत. 1974 मध्ये जे-साय हा एक नवा क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांचा बनलेला कण सापडल्यावर बहुतेकांनी वाद सोडून दिला.